कमी वॅटचा सिंगल-एंडेड ट्यूब ॲम्प घरात लावून बघायचाय? मग आधी मल्टीमीटर काढा

ट्यूब ॲम्पचं (म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणाऱ्या ॲम्प्लिफायरचं) डोक्यात शिरलं की पहिला प्रश्न सगळे एकच विचारतात, कुठली ट्यूब घेऊ, ३००बी की २ए३ की ईएल८४. मीही तोच विचारला होता. आता इतकी वर्षं रोजचं गाणं या दोन-चार वॅटवरच ऐकल्यावर मला ठाम वाटतं की हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न असा, की तुम्ही तुमच्या खोलीत, तुमच्या स्पीकरवर, तुमच्या नेहमीच्या मोठ्यात मोठ्या आवाजात ऐकता तेव्हा नक्की किती वॅट खर्च होतात? हे घरच्या घरी मोजता येतं, दहा-पंधरा मिनिटं लागतात, आणि त्यासाठी ट्यूब ॲम्प असायची गरजही नाही. हे न मोजता ॲम्प घेतला की मग तो महिनाभर कौतुकाने वाजतो, नंतर मोठा ऑर्केस्ट्रा लावला की गुदमरतो, आणि माणूस म्हणतो ट्यूबमध्ये काही दम नाही. खरं तर जोडीच चुकलेली असते.

आधी हे असतं काय ते थोडक्यात

सिंगल-एंडेड म्हणजे आउटपुटला एकच ट्यूब, तीच ध्वनिलहरीचा वरचा आणि खालचा दोन्ही भाग सांभाळते. पुश-पुलमध्ये दोन ट्यूब काम वाटून घेतात. एकटीने सगळं करायचं म्हटल्यावर त्या ट्यूबमधून करंट सतत वाहता ठेवावा लागतो, गाणं चालू असो नसो. याला क्लास ए म्हणतात, आणि यात वीज फार वाया जाते. २ए३ ही १९३३ ची आरसीएची ट्यूब घ्या: प्लेटवर (ट्यूबच्या आतला, करंट गोळा करणारा धातूचा पत्रा) २५० व्होल्ट, करंट ६० मिलिअँप, म्हणजे १५ वॅट सतत जळतायत आणि स्पीकरला मिळतात जास्तीत जास्त साडेतीन. तेही ५ टक्के डिस्टॉर्शन (मूळ आवाजात पडणारी भेसळ) धरून, हे त्या काळच्या डेटाशीटमध्येच लिहिलेलं आहे.

पण तो ५ टक्क्यांचा आकडा बघून घाबरायचं नाही, कारण हे डिस्टॉर्शन बहुतेक करून सेकंड हार्मोनिकचं असतं, म्हणजे मूळ सुराच्या बरोबर वरच्या सप्तकातला तोच सूर, आणि आवाज कमी केला की तेही कमी होत जातं. साडेतीन वॅटला ५ टक्के असेल तर त्याच्या दहाव्या हिश्शाला, म्हणजे ०.३५ वॅटला, साधारण दीड टक्का उरतं. आणि घरात आपण बहुतेक वेळ त्याच्याही खाली असतो.

मग एवढ्याशा पॉवरवर त्या काळी थिएटरं कशी चालायची? वेस्टर्न इलेक्ट्रिकची ३००बी ही १९३८ ची, सिंगल-एंडेडमध्ये सात-आठ वॅटची, आणि हॉल भरून जायचे, कारण समोर भलेमोठे हॉर्न स्पीकर होते ज्यांना एका वॅटमध्ये शंभर डीबीच्या (डेसिबल, आवाजाची पातळी मोजायचं माप) वर जाता यायचं. पुढे पुश-पुल आणि फीडबॅकवाले (आउटपुटचा थोडा भाग परत आत देऊन चूक सुधारणारे) ॲम्प आले, १९४७ चं विल्यमसनचं डिझाइन त्यातलं सगळ्यात गाजलेलं, वॅट स्वस्त होत गेले. मग १९५४ मध्ये एआर-१ सारखे छोट्या बंद खोक्यातून खोल बेस देणारे स्पीकर आले, ज्यांची सेन्सिटिव्हिटी (ठराविक पॉवरला किती मोठा आवाज येतो ते) कमी होती पण पॉवर स्वस्त असल्यामुळे ते कुणाला फारसं खटकलं नाही. आज घराघरात जे स्पीकर आहेत ते बहुतेक याच वंशातले आहेत. म्हणून ट्यूब जुनी आणि स्पीकर आजचा अशी जोडी लावताना जरा हिशोब करावा लागतो.

पायरी १: तुम्हाला किती वॅट लागतात ते मोजा

तुमचा आत्ताचा कुठलाही ट्रान्झिस्टरचा ॲम्प चालेल. सोबत एक साधा डिजिटल मल्टीमीटर, आणि २२० हर्ट्झच्या साइन टोनची एक फाइल जी डिजिटल कमालीच्या १२ डीबी खाली आहे. ऑडॅसिटी या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये टोन जनरेट करताना ॲम्प्लिट्यूड ०.२५ टाकला की तीच पातळी मिळते.

आता तुमच्याकडचं सगळ्यात जोरकस पण नीट रेकॉर्ड केलेलं, हळू-मोठ्याचा फरक असलेलं संगीत लावा आणि व्हॉल्यूम तिथे न्या ज्याच्या वर तुम्ही घरात कधीच जात नाही. प्रामाणिकपणे न्या. लोक इथे लाजतात आणि रोजच्या आवाजावर मोजतात, मग आकडा छान छोटा येतो आणि पुढे फसगत होते. व्हॉल्यूम तिथेच सोडून गाणं बंद करा, इक्वलायझर आणि प्लेअरमधलं आवाज सारखा करणारं सेटिंग बंद आहे ना बघा (ते चालू असेल तर गाणं लावण्याआधीच बंद करायला हवं होतं, म्हणजे परत पहिल्यापासून), ॲम्प बंद करून स्पीकरच्या वायरी काढा, परत चालू करा, टोन वाजवा आणि स्पीकर टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजा. मीटरची दोन टोकं एकाच चॅनेलच्या प्लस-मायनसवर, आणि मोजताना टर्मिनल एकमेकांना टेकू द्यायची नाहीत.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, वायरी काढून ॲम्प चालवणं फक्त ट्रान्झिस्टरच्या ॲम्पला चालतं. ट्यूबवाल्याला कधीच नाही, कारण पुढे येईल. वायरी काढायच्या नसतील तर राहू द्या, टोन थोडा वेळ कानाला टोचेल इतकंच, रीडिंग जवळपास तेच येईल.

हिशोब सोपा आहे. आलेल्या आकड्याला चारने गुणा, कारण टोन कमालीच्या १२ डीबी खाली होता आणि १२ डीबी म्हणजे व्होल्टमध्ये चारपट. त्याचा वर्ग करा, स्पीकरच्या ओहमने भागा. ८ ओहम धरला तर अर्धा व्होल्ट वाचला म्हणजे गरज अर्ध्या वॅटची, एक व्होल्ट म्हणजे २ वॅट, दोन व्होल्ट म्हणजे ८ वॅट, तीन व्होल्ट म्हणजे १८. बघा, व्होल्ट दुप्पट झाला की वॅट चौपट होतात, त्यामुळे इथे थोडासा फरकसुद्धा पुढे कुठली ट्यूब चालेल ते पार बदलून टाकतो.

माझं स्वतःचं रीडिंग ०.८ व्होल्ट आलं होतं, स्पीकर ९१ डीबीचे, खोली मध्यम. म्हणजे ०.८ गुणिले ४, ३.२, त्याचा वर्ग १०.२४, भागिले ८, सव्वा वॅटच्या आसपास. तोपर्यंत मी ऐंशी वॅटच्या ॲम्पवर ऐकत होतो आणि मला वाटायचं की निम्मे तरी लागत असतील! त्या दिवसापासून वॅटकडे बघायची माझी नजरच बदलली.

जो आकडा आला त्याच्या दुप्पट धरून चाला, म्हणजे ३ डीबीची मोकळीक राहते. माझ्यासाठी अडीच वॅट, म्हणजे २ए३ पुरेशी. तुमचा आकडा दुप्पट करून दहाच्या आत असेल तर पुढे वाचा, मजा आहे. वीस-तीस आला तरी लगेच सोडून देऊ नका, स्पीकर बदलायची तयारी असेल तर गणित पार फिरतं, दर ३ डीबी जास्त सेन्सिटिव्हिटीला लागणारी पॉवर निम्मी होते. ८६ डीबीच्या स्पीकरला ८ वॅट लागत असतील तर ९५ डीबीच्या स्पीकरला तोच आवाज १ वॅटमध्ये मिळतो.

पायरी २: स्पीकरचा कागद नीट वाचा

सेन्सिटिव्हिटीचा आकडा दोन पद्धतीने लिहितात आणि इथेच बरेच जण घसरतात. एक असतो एका वॅटला एक मीटरवर, दुसरा २.८३ व्होल्टला एक मीटरवर. ८ ओहमच्या स्पीकरला दोन्ही एकच, कारण ८ ओहमवर २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर १ वॅट. पण ४ ओहमच्या स्पीकरला तेच २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॅट होतात, म्हणून कागदावर ९० लिहिलेला ४ ओहमचा स्पीकर आपल्या कामासाठी ८७ डीबीचाच धरायचा. शिवाय काही कंपन्या खोलीत ठेवून मोजलेला आकडा छापतात, तो मोकळ्या जागेतल्या मोजणीपेक्षा जास्त येतो. तिऱ्हाईताने मोजलेले आकडे मिळाले तर त्यांच्यावर जास्त भरवसा ठेवा.

सेन्सिटिव्हिटीइतकीच, मी तर म्हणेन तिच्यापेक्षा जास्त महत्त्वाची गोष्ट म्हणजे इम्पिडन्सचा, म्हणजे करंटला होणाऱ्या अडथळ्याचा, ग्राफ. "८ ओहम" हा नुसता नाममात्र आकडा असतो, प्रत्यक्षात एकाच स्पीकरचा इम्पिडन्स कुठे ५ ओहम, कुठे २५ ओहम असा वरखाली होत असतो. ट्रान्झिस्टरच्या ॲम्पला फरक पडत नाही कारण त्याचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स जवळजवळ शून्य. फीडबॅक नसलेल्या सिंगल-एंडेड ट्रायोडचा (आत तीनच इलेक्ट्रोड असलेली साधी ट्यूब) मात्र दोन-तीन ओहम असतो. समजा अडीच ओहम आहे, तर जिथे स्पीकर ५ ओहमचा आहे तिथे त्याला दोन तृतीयांश व्होल्टेज मिळतं आणि जिथे २५ आहे तिथे नव्वद टक्के, म्हणजे फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्समध्येच पावणेतीन डीबीची टेकडी तयार झाली. हा फरक कानाला सहज कळतो. कधी तो छान लागतो, आवाज पुढे आल्यासारखा वाटतो, आणि कधी बेस फुगतो नाहीतर तिखटपणा येतो. लोक जेव्हा म्हणतात की अमुक ट्यूबचा आवाज गोड आहे तेव्हा त्यातला बराच भाग या टेकडीचा असतो, आणि स्पीकर बदलला की तो गोडवाही बदलतो. म्हणून दुसऱ्याच्या घरी ऐकलेल्या ॲम्पवरून निर्णय घेताना त्याचे स्पीकर कुठले होते ते आधी बघा.

तर शोधायचा असा स्पीकर: इम्पिडन्स शक्यतो सपाट, ६ ओहमच्या खाली न जाणारा, सेन्सिटिव्हिटी ९२-९३ च्या वर, क्रॉसओव्हर (बेस आणि वरचे सूर वेगवेगळ्या ड्रायव्हरला वाटणारं सर्किट) साधा. यात बसणारी मंडळी म्हणजे हॉर्नवाले (क्लिप्शचे हॉर्न १९४६ पासून चालत आलेत, जुने आल्टेकसुद्धा याच जातीतले), मोठ्या कागदी कोनच्या वूफरवाले, आणि फॉस्टेक्स किंवा लोथरसारखे एकच फुल-रेंज ड्रायव्हर असलेले, ज्यात क्रॉसओव्हरच नसतो. फुल-रेंजवाल्यांचं मला फार प्रेम आहे, माणसाचा आवाज त्यावर जसा येतो तसा मला दुसरीकडे क्वचित मिळाला, पण खालचा बेस त्यांच्याकडे मागू नका आणि मोठ्या आवाजात गर्दीचं संगीत पण नको.

छोटे, देखणे, ८४-८५ डीबीचे बुकशेल्फ? डेस्कवर हाताच्या अंतरावर ठेवून हळू आवाजात ऐकत असाल तर चालतात, हो, खरंच चालतात, कारण अंतर निम्मं झालं की जवळजवळ ६ डीबी फुकट मिळतात. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून ऐकायचं असेल तर नाही.

पायरी ३: आता ट्यूब, आणि तिच्यापेक्षा ट्रान्सफॉर्मर

सिंगल-एंडेडमध्ये साधारण काय मिळतं ते असं. ४५ दीड-दोन वॅट, अतिशय सुंदर ट्यूब, पण तिला शंभर डीबीच्या जवळचा स्पीकर हवा. २ए३ साडेतीन. ३००बी सात-आठ. ईएल८४ पेंटोड (पाच इलेक्ट्रोडची ट्यूब) म्हणून लावली तर पाचेक, ट्रायोडसारखी जोडली तर दोनच्या आसपास. ६व्ही६ चार-साडेचार. ईएल३४ ट्रायोड जोडणीत सहाच्या आसपास. त्याच्या वर ८४५ आणि २११, वीसच्या आसपास देतात, पण त्यांच्या प्लेटवर हजार व्होल्टच्या जवळपास असतं, त्यामुळे पहिला ॲम्प म्हणून मी त्या कुणालाच सुचवत नाही.

पहिल्या वेळेला मी सांगीन ईएल८४ किंवा ६व्ही६ किंवा ट्रायोड-जोडणीतली ईएल३४ घ्या. या ट्यूबमध्ये तापवणारी तार (हीटर) आणि इलेक्ट्रॉन सोडणारा भाग (कॅथोड) वेगळे असतात म्हणून हम, म्हणजे विजेची भुणभुण, कमी, ट्यूब सहज मिळतात, बिघडल्या तर जीव हळहळत नाही. २ए३, ३००बी, ४५ यांच्यात ती तापणारी तार, म्हणजे फिलामेंट, हाच कॅथोड, आवाजात एक मोकळेपणा जाणवतो मला, पण हमचा प्रश्न त्याच्यासोबत येतो. एक लक्षात ठेवा, पेंटोडचा आउटपुट इम्पिडन्स फीडबॅकशिवाय खूपच जास्त असतो, त्यामुळे पेंटोड जोडणीत थोडा फीडबॅक असायलाच हवा. "झिरो फीडबॅक" हे शब्द ट्रायोडला शोभतात, पेंटोडवर लिहिलेले दिसले तर जरा थांबा आणि विचारा.

पैसा खरा कुठे घालायचा तर ट्यूबला स्पीकरशी जुळवून देणाऱ्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये. पुश-पुलमध्ये दोन बाजूंचा डीसी करंट ट्रान्सफॉर्मरच्या कोअरमध्ये (लोखंडी गाभ्यात) एकमेकांना रद्द करतो, सिंगल-एंडेडमध्ये मात्र तो ६०-७० मिलिअँप डीसी सतत त्या ट्रान्सफॉर्मरमधूनच वाहतो, कोअर सॅच्युरेट होऊ नये म्हणून मध्ये हवेची फट ठेवावी लागते, फट ठेवली की इंडक्टन्स कमी होतो, इंडक्टन्स गेला की बेस गेला. यावर उपाय एकच, कोअर मोठा करा. म्हणून चांगल्या सिंगल-एंडेड ॲम्पचं वजन त्याच्या वॅटच्या मानाने हास्यास्पद वाटावं इतकं असतं आणि तसंच असायला हवं. कागदावर "२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ" दिसलं तर विचारा किती वॅटला. एका वॅटला बहुतेक सगळेच देतात, पूर्ण पॉवरवर ४० हर्ट्झला काय होतं हे खरं. त्याच वॅटचे दोन ॲम्प समोर असतील आणि बाकी काही कळत नसेल तर दोन्ही उचलून बघा, जड असलेला घ्या, हा अंगठा-नियम मला अजून फारसा फसवलेला नाही.

दुसरीकडून मागवलेला ॲम्प असेल तर त्याचा मेन्स ट्रान्सफॉर्मर किती व्होल्टचा आहे ते न चुकता तपासा. २२० साठी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर २४० वर चालवला की सगळं ९ टक्क्यांनी वर जातं, फिलामेंटसुद्धा, आणि फिलामेंटला साधारण ५ टक्क्यांच्या आत राहिलेलं बरं असतं. ट्यूबचं आयुष्य इथे गुपचूप कमी होतं.

पायरी ४: जोडणी, आणि काय करायचं नाही

जागा आधी ठरवा. वर आणि बाजूंना मोकळी हवा, पडद्यापासून लांब, लहान मुलं आणि मांजर पोचणार नाही अशी. ट्यूबच्या काचेला हात लागला तर फोड येतो. जाळी दिली असेल आणि घरात मूल असेल तर जाळी लावूनच ठेवा, दिसायला कमी सुंदर दिसेल, दिसू दे.

ट्यूब बसवताना प्लग काढलेला. पिना सॉकेटशी जुळवून, ऑक्टल (आठ पिनांचं बूड) असेल तर मधली खाच बघून, बुडाला धरून सरळ खाली दाबायची, काचेला धरून पिळायचं नाही. मग स्पीकर जोडा, मग सोर्स, व्हॉल्यूम शून्यावर, मग प्लग, मग स्विच. हा क्रम मोडू नका. स्पीकर न जोडता ट्यूब ॲम्पमध्ये सिग्नल गेला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधली ऊर्जा जायला वाट राहत नाही, प्रायमरीवर प्रचंड व्होल्टेज उसळतं आणि इन्सुलेशन फुटतं. माझा एक ट्रान्सफॉर्मर असाच गेला, मागच्या बाजूला एक वायर सैल होऊन निघाली होती आणि मला वाटलं एका बाजूचा आवाज येत नाही म्हणजे सोर्सचा प्रश्न आहे, म्हणून मी व्हॉल्यूम वाढवत बसलो. तेव्हापासून वायरीला चांगले प्लग लावलेत आणि महिन्यातून एकदा ओढून बघतो.

अर्थिंगची पिन कधीच कापायची नाही, हम जातो म्हणून कुणी सांगितलं तरी नाही. आणि खालचं झाकण उघडायची वेळ आली आणि तुम्हाला या कामाची सवय नसेल तर उघडू नका. आत तीन-चारशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते बराच वेळ राहू शकतात. इथे चूक सुधारायला दुसरी संधी मिळेलच असं नाही.

चालू केल्यावर पहिली पाच मिनिटं तिथेच थांबा, ट्यूबकडे बघा. फिलामेंट केशरी, ठीक. काचेच्या आतल्या बाजूला हलकी निळसर झाक, बऱ्याच पॉवर ट्यूबमध्ये असते, ठीक. पण आतली करडी धातूची प्लेटच लाल व्हायला लागली तर त्या क्षणी बंद. काचेवरचा चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर ट्यूबमध्ये हवा शिरलीय, ती गेली. कान देऊन ऐकायला बसायचं असेल तर वीस-पंचवीस मिनिटं गरम होऊ द्या, आणि बंद केल्यावर लगेच परत चालू करू नका.

ॲम्पच्या मागे ४ आणि ८ ओहम अशी दोन टर्मिनलं असतील तर दोन्ही वापरून बघा, प्रत्येक वेळी ॲम्प बंद करून. ८ ओहमचा स्पीकर ४ च्या टर्मिनलला जोडला तर पॉवर कमी मिळते, पण ट्यूबला दुप्पट लोड दिसतो म्हणून डिस्टॉर्शन उतरतं आणि आउटपुट इम्पिडन्स निम्म्यावर येतो, बेस आवळल्यासारखा होतो. ज्यांच्याकडे पॉवर शिल्लक आहे त्यांना हा फुकटचा सुधार आहे आणि कितीतरी जण वर्षानुवर्षं करूनच बघत नाहीत. मी सगळ्यात जास्त हाच करून बघा म्हणेन.

पायरी ५: भुणभुण

सेन्सिटिव्ह स्पीकरची ही किंमत आहे. ८८ डीबीच्या स्पीकरवर जी भुणभुण जवळ जाऊन पण धड ऐकू येत नाही ती १०० डीबीच्या स्पीकरवर १२ डीबी वर येऊन रात्री खोलीभर जाणवते. व्हॉल्यूम शून्यावर ठेवून, स्पीकर जोडलेला ठेवून, टर्मिनलवर एसी मिलिव्होल्ट मोजा. हॉर्नसाठी १ च्या आसपास किंवा खाली हवेत, साध्या स्पीकरला ३-४ पण चालून जातात.

जास्त असतील तर आधी इनपुटच्या सगळ्या वायरी काढा. हम गेला म्हणजे ग्राउंड लूपमुळे (उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा करंट) किंवा सोर्सकडून येतोय, सगळी उपकरणं एकाच पॉवर स्ट्रिपवर आणा, टर्नटेबल असेल तर त्याची पिकप ट्रान्सफॉर्मरपासून लांब न्या. हम राहिला म्हणजे ॲम्पमधलाच आहे. मग सूर ओळखायचा प्रयत्न करा: मेन्सचाच, म्हणजे ५० किंवा ६० हर्ट्झचा खोल घुमणारा असेल तर बहुधा फिलामेंटकडून, त्याच्या दुप्पट, जरा करकरीत असेल तर पॉवर सप्लायच्या फिल्टरिंगकडून. फिलामेंटवाल्यासाठी बऱ्याच २ए३ आणि ३००बी ॲम्पना हम ॲडजस्ट करायचं छोटं बटण बाहेरूनच दिलेलं असतं, मिलिव्होल्ट बघत अगदी हळू फिरवा, एका जागी आकडा खाली जाऊन परत वर येतो, त्या खड्ड्यात ठेवायचं. दुसऱ्या प्रकारचा असेल तर ते तंत्रज्ञाचं काम.

पायरी ६: आवाज सारखा करून मगच तुलना

नवीन ॲम्प घरात आला की जुन्याशी तुलना होतेच, पण आवाज थोडा जरी जास्त असला तरी तोच ॲम्प चांगला वाटतो, आपले कान असेच आहेत. तोच २२० हर्ट्झचा टोन वाजवून स्पीकर टर्मिनलवर दोन्ही ॲम्पला व्होल्टेज एक टक्क्याच्या आत सारखं करा, दोन्ही वेळा स्पीकर जोडलेले. मग ऐका. आधी एकट्या माणसाचा आवाज, मग तबला किंवा कॉन्ट्राबास, बायाँची घुमक किती लवकर थांबते ते बघा, मग पियानो, आणि शेवटी सगळ्यात गर्दीचं संगीत तुमच्या मोठ्यात मोठ्या आवाजात. तिथे वाद्यं एकमेकांत मिसळायला लागली, जागा आखडली, जोरकस ठिकाणी आवाज मोठा न होता नुसता जाड झाला, तर पॉवर संपतेय. ट्यूब एकदम कर्कश होत नाही, गुपचूप दाबत जाते, त्यामुळे हे कळायला वेळ लागतो. आठवडाभर ट्यूबवर ऐका आणि मग एक दिवस परत जुना लावा, फरक तेव्हा जास्त स्वच्छ कळतो.

पायरी ७: बेसचं ओझं काढून घ्या

पॉवर थोडीशी कमी पडत असेल तर मोठा ॲम्प घ्यायच्या आधी हे करा. सगळ्यात जास्त पॉवर खालचा बेस खातो, आणि ट्रान्सफॉर्मरच्या कोअरला पण तोच छळतो, तेवढ्याच व्होल्टला फ्रीक्वेन्सी निम्मी झाली की कोअरमधला फ्लक्स दुप्पट होतो. तर स्वतःचा ॲम्प असलेला एक सबवूफर आणा आणि ट्यूब ॲम्पच्या इनपुटच्या आधी सिरीजमध्ये एक छोटा फिल्म कपॅसिटर टाका. ॲम्पचा इनपुट इम्पिडन्स १०० किलोओहम असेल तर ०.०२२ मायक्रोफॅरडने ७२ हर्ट्झच्या खाली हळूहळू उतार सुरू होतो, ३६ हर्ट्झला ट्यूबवरची पॉवरची मागणी पाचव्या हिश्शावर येते. इनपुट ५० किलोओहमचा असेल तर ०.०४७ घ्या. हा कपॅसिटर बाहेर, आरसीएच्या छोट्या जोडात बसवता येतो, ॲम्प उघडावा लागत नाही. सबवूफरला सिग्नल कपॅसिटरच्या आधीच फोडून द्यायचा, त्याचा क्रॉसओव्हर सत्तरच्या आसपासपासून सुरू करून कानाने जुळवायचा.

२ए३ ला हे केल्यावर माझ्याकडे जो फरक पडला तो कुठलीही महागडी ट्यूब बदलून कधी पडला नव्हता. मधला भाग एकदम मोकळा झाला, गाणाऱ्याच्या मागची जागा ऐकू यायला लागली, कारण आता ट्यूबला ढोल वाजवता वाजवता बासरी पण वाजवायची नव्हती.

ट्यूब बदलणं

ट्यूब बदलून बघायची हौस पहिल्या सहा महिन्यांत आवरा, आधी सोबत आलेल्या ट्यूबचा आवाज पाठ होऊ दे. नंतर बदलायच्याच असतील तर ड्रायव्हरच्या छोट्या ट्यूबपासून सुरुवात करा, ६एसएन७ वगैरे, तिथे फरकही कळतो आणि त्या टिकतातही. पेन्सिलीच्या खोडरबरच्या टोकाने हलकं टकटक केल्यावर स्पीकरमधून घंटेसारखं वाजलं तर ती छोटी ट्यूब मायक्रोफोनिक आहे, सेन्सिटिव्ह स्पीकरला नको. त्याच नंबरचीच ट्यूब लावा, दिसायला सारखी आणि पिना बसतात म्हणून दुसरी लावू नका, फिलामेंटचा व्होल्टेज वेगळा असू शकतो: २ए३ ला अडीच व्होल्ट लागतात, ३००बी ला पाच, आणि दोन्हींचं बूड चार पिनांचंच.

पॉवर ट्यूब दोन ते पाच हजार तास चालतात, छोट्या त्याहून कितीतरी जास्त. रोज तीन तास ऐकलं तर तीन हजार तास म्हणजे पावणेतीन वर्षं. क्लास एमध्ये हळू ऐका की मोठ्याने, ट्यूब तेवढीच झिजते, म्हणून घरात नुसतं पार्श्वसंगीत हवं असेल तेव्हा दुसरं काहीतरी लावा आणि हा बंद ठेवा. नवीन जोडी बसवली की ॲम्पच्या खाली एका कागदावर तारीख लिहून चिकटवा आणि त्या दिवशीचा हमचा मिलिव्होल्ट आणि टोनचं रीडिंग पण तिथेच लिहा. दोन वर्षांनी आवाज मंदावलाय की आपल्याला तसं नुसतंच वाटतंय हा प्रश्न पडला की टोन लावून मोजायचं, कागद बघायचा.